शुश्रूषा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी १९७३ साली जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण झालेला आणि पुढे सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेला एक साधा शिक्षक. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील दोन कुटुंबांवर आमच्यासारखा प्रसंग आला आणि त्यांनी माझ्याकडे चौकशी केली. त्यांना मी पथ्यपाणी सांगितले, औषधांच्या वेळा सांगितल्या. पण माझ्या हातून घडलेली चूक मात्र संकोचाने सांगितली नाही. ती आज सर्वांसमक्ष सांगावी, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

माझ्या पत्नीला रक्तदाबाचा विकार होता आणि त्याकडे आम्ही उभयतांनी दुर्लक्ष केले. २०१५ च्या पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज आली, अन्न जाईनासे झाले, आणि तपासणीअंती दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. मी त्याच वर्षी सेवानिवृत्त झालो होतो. कोकणातले घर बंद करून आम्ही मुलाकडे डोंबिवलीस आलो. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, डायलिसिस सुरू झाले. माझे मूत्रपिंड देण्यास मी तयार होतो. परंतु तपासणीत मलाच मधुमेह असल्याचे निघाले. मुलाचे घेण्यास तिने निक्षून नकार दिला. अखेर १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्यान्वये मृत व्यक्तींचे अवयव ज्या यादीच्या क्रमाने मिळतात, त्या यादीत तिचे नाव नोंदविले आणि तीन वर्षे आम्ही फोनच्या घंटेकडे कान लावून बसलो.

जुलै २०१८ मधील एका रात्री बोलावणे आले. मेंदू मृत झालेल्या कोणा व्यक्तीच्या आप्तांनी, ऐन दुःखाच्या घटकेस, अवयवदानास संमती दिली होती. त्यांचे नाव-गाव आम्हांस कळले नाही. ते कळू नये असाच नियम आहे. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. जुनी मूत्रपिंडे जागीच ठेवून नवे मूत्रपिंड ओटीपोटात उजव्या बाजूस बसविले. पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. मला वाटले, संकट टळले. खरी परीक्षा तेथूनच सुरू व्हावयाची होती.

हे रोपण प्रथम यशस्वी झाले ते १९५४ साली, अमेरिकेतील बॉस्टन येथे. डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावास बसविले. पुढे १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात वेल्लोर येथे १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. एकसारख्या जुळ्या भावाचा अवयव शरीर आपलाच मानते. परक्याचा मात्र शत्रू मानून त्यावर हल्ला करते. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दबवून ठेवावी लागते. त्यांतील एक प्रमुख औषध टॅक्रोलिमस. जपानातील त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ते १९८४ साली सापडले. ही औषधे ठरलेल्या वेळी पोटात गेली नाहीत, तर शरीर जागे होते आणि आलेल्या पाहुण्यास हाकलू लागते. उलट ती अधिक झाली, तर साधा सर्दी-ताप देखील जिवावर बेततो. अशी ही दुधारी सुरी आहे.

ही गोष्ट डॉक्टरांनी मला समजावून सांगितली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. सकाळी आठ व रात्री आठ ही औषधांची वेळ. वजन, ताप, रक्तदाब, प्यालेले पाणी, झालेली लघवी, सर्वांची नोंद. पाणी उकळून गार केलेले. बाहेरचे कापलेले फळ वर्ज्य, कच्ची कोशिंबीर वर्ज्य, देवळातील तीर्थ वर्ज्य. पपनसामुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून तेही वर्ज्य. त्या वर्षी गणपतीला गावी जाणे झाले नाही. माटवीला बांधलेले पपनस तिला फोनवर दाखविले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणालो, "रडायला काय झाले? जीव वाचला हे थोडे का?" आणि वहीत तापाचा आकडा लिहिला.

औषधांनी तिचा चेहरा गोल व सुजकट झाला. रात्र रात्र झोप नाही. हातास असा कंप सुटला की सुईत दोरा ओवता येईना, उंबऱ्यावर रांगोळी काढता येईना. कधी विनाकारण संताप, कधी विनाकारण रडू. ते स्टिरॉइडचे परिणाम होते, हे मला ठाऊक होते. तरी मी तिला समज देत असे. पाणी पेलाभर कमी प्याली की वहीत लाल शाईने खूण करीत असे. थोडक्यात सांगावयाचे, तर मी तिचा पती न राहता वर्गशिक्षक झालो होतो, आणि वर्गात विद्यार्थी एकच होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ वरून २.० वर गेले. पुन्हा रुग्णालय, सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणी, आणि निदान असे की शरीर मूत्रपिंड नाकारू लागले आहे. औषधे वेळेवर दिली का, असे डॉक्टरांनी विचारले. मी अभिमानाने वही पुढे केली. एकही रकाना रिकामा नव्हता.

त्या संध्याकाळी एका परिचारिकेने तिच्याजवळ बसून हळूच विचारपूस केली. तेव्हा पत्नीने तिला सांगितले की रात्रीच्या दोन गोळ्या ती गेले तीन आठवडे बहुतेक दिवस घेतच नव्हती. त्या घेतल्या की पोट बिघडे, मध्यरात्री चार-चार वेळा उठावे लागे, आणि तिला धरून नेण्यासाठी मला उठावे लागे. "ह्यांचीही साठी झाली, ह्यांना मधुमेह. दिवसभर राबतात, रात्री तरी झोपू देत," असे ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "ह्यांना सांगू नका, रागावतील." मी 'गोळी घेतलीस?' असे विचारी, ती 'घेतली' म्हणे, आणि मी खूण करी. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एवढेच खोटे बोलली, आणि तेही माझ्या झोपेसाठी.

डॉक्टरांनी सांगितले की हा त्रास त्या औषधाचा नेहमीचाच असून, वेळीच कळता तर त्याऐवजी आतड्यात जाऊन विरघळणारा त्याचाच दुसरा प्रकार देता आला असता. पुढे तो दिला आणि पोट शांत झाले. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडची मोठी मात्रा दिली. मूत्रपिंड वाचले. क्रिएटिनिन १.४ वर स्थिरावले, पूर्वीच्या १.१ वर ते पुन्हा कधी आले नाही. हा जो तीन दशांशांचा फरक उरला, तो माझ्या करडेपणाचा दंड आहे असे मी समजतो.

घरी आल्यावर मी लाल शाईचे पेन नातवास दिले. वही चालू ठेवली, कारण ती आवश्यकच आहे. परंतु रात्री आठच्या औषधापूर्वी दहा मिनिटे तिच्याजवळ बसावयाचे, 'आज कसे वाटले?' एवढेच विचारावयाचे आणि मग उपदेश न करता ऐकावयाचे, असा नेम केला. पहिले चार-पाच दिवस ती 'बरे आहे' म्हणाली. सहाव्या दिवशी म्हणाली, "अहो, आपल्याला फोन आला त्या रात्री त्या घरी रडारड चालली असेल, नाही? आणि मी मात्र देवाचे आभार मानत होते." शस्त्रक्रियेपासून चार महिने हे ओझे तिने उरी वागविले होते, आणि माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता. तेव्हापासून दर वर्षी जुलैतल्या त्या तिथीस ती त्या अनाम घरासाठी देवापुढे एक निरांजन लावते. मीही शेजारी बसतो.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतील स्त्री जन्मभर दुसऱ्यांचे करीत आलेली असते. तीच अंथरुणास खिळली, की आपले कोणी करावे याचीच तिला लाज वाटते. म्हणून ती त्रास लपविते. तिला विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

आप्तेष्टांसही माझी हात जोडून विनंती आहे. पहिले सहा महिने रुग्णास भेटण्यास घोळक्याने येऊ नका. सर्दी असेल तर मुळीच येऊ नका. प्रेमापोटी काढे आणू नका. गुळवेलीसारखी वनस्पती प्रतिकारशक्ती वाढविते म्हणून आपण घेतो. येथे ती दबवून ठेवणे हाच तर उपचार आहे. दुखण्यावरची दुकानातली गोळीही डॉक्टरांस विचारल्याविना देऊ नका, कारण अशा कित्येक गोळ्या मूत्रपिंडास बाधतात. काही द्यावयाचेच असेल, तर आपला वेळ द्या. माझ्या धाकट्या भावजयीने दोन महिने दर गुरुवारी दुपारी येऊन रुग्णाजवळ बसण्याचे काम पत्करले आणि मला तीन तास झोपावयास लावले. तिचे उपकार मी विसरणार नाही. शुश्रूषा करणारा दमला की चिडतो, आणि तो चिडला की रुग्ण बोलेनासा होतो. माझ्या घरी हेच घडले.

आज पत्नीची प्रकृती ठीक आहे. गेल्या वर्षी ती गणपतीला गावी गेली आणि थरथरत्या हाताने का होईना, अंगणात रांगोळी काढली.

जाता जाता एकच सांगतो. 'शुश्रूषा' हा शब्द मी शेकडो मुलांकडून शुद्ध लिहवून घेतला: पहिला 'शु' ऱ्हस्व, दुसरा 'श्रू' दीर्घ. चुकणाऱ्यास दहा वेळा लिहावयास लावला. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते समजले मात्र साठीनंतर, रुग्णालयाच्या बाकावर. आपणांपैकी कोणास ते इतक्या उशिरा समजू नये, ही ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.