ओसाड शेताची राखण

पौडी गढवालच्या डोंगरात पायवाटेने वर चढू लागले म्हणजे उतारावर एकीवर एक रचलेल्या शेतांच्या पायऱ्या दृष्टीस पडतात. दगडावर दगड ठेवून त्या कित्येक पिढ्यांनी बांधल्या. आज त्यांतील पुष्कळ पायऱ्यांचे बांध ढासळले आहेत, घाणेरीने वाट अडविली आहे आणि दाराला लावलेले कुलूप गंजून गेले आहे. जमीन नापीक झाली म्हणून हे घडले नाही. ती कसणारा माणूस निघून गेला.

२०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली. पुढे उत्तराखंड सरकारने २०१७ साली पलायन आयोग नेमला. २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली, असे त्या आयोगाच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातील ज्या घरांनी वर्षे काढली, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

ओसाडीचा एक विशेष असा की, ती एका शेतापुरती राहत नाही. वरच्या पायरीचा बांध फुटला की पावसाळ्यात तिची माती खालच्या शेतात वाहून येते. पडीक रानात रानडुकरांना आसरा मिळतो आणि रात्री ती शेजाऱ्याच्या पिकात शिरतात. दिवसा वानरे येतात. एकट्या पडलेल्या शेतकऱ्याने कितीही जागरण केले तरी त्याच्या पदरी अर्धेच पीक पडते. अखेरीस तोही गाठोडे बांधतो. पहिला माणूस नोकरीसाठी गेलेला असतो. शेवटचा केवळ राखण जमेना म्हणून जातो.

अशी जमीन पुन्हा लागवडीस आणावयाची तर क्रम सोडून चालत नाही. आधी बांध, मग मुळासकट घाणेरी, मग शेणखत आणि त्यानंतर बी. बियांच्या बाबतीत गढवालच्या शेतकऱ्याला बाहेरून शिकण्याचे फारसे कारण नाही. ‘बारानाजा’ ही त्याची जुनी पद्धत होय. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, रामदाना म्हणजे राजगिरा, गहत म्हणजे कुळीथ. यांच्या जोडीला राजमा, उडीद, चवळी अशी बारा किंवा अधिक धान्ये एकाच शेतात मिसळून पेरावयाची. कडधान्ये हवेतील नत्र जमिनीत साठवितात. पाऊस लहरी झाला तरी बारांपैकी काही पिके हाती लागतातच. टिहरीतील विजय जडधारी आणि त्यांचे ‘बीज बचाओ आंदोलन’ यांनी हे देशी वाण जतन करण्याचे मोठे कार्य केले आहे. परंतु धान्य माणसाला जितके गोड, तितकेच ते वानरालाही गोड. राखणीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

येथे भांगेचा संबंध येतो. भांग म्हटली की आपल्याला शिवरात्र आणि नशा आठवते. पहाडी स्वयंपाकघरात मात्र तिचे बी भाजून, लिंबू पिळून चटणी वाटतात. खोडाच्या सालीपासून दोर वळीत आणि ‘भांगेला’ नावाचे जाडेभरडे कापडही विणीत. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग निराळा. त्याचे कूळच वेगळे आहे. भांगेच्या पानांना उग्र वास असतो, आणि डुकरे व वानरे या पिकाला सहसा तोंड लावीत नाहीत, असा तेथील शेतकऱ्यांचा अनुभव आहे. ती पावसाच्या पाण्यावर वाढते, आणि दाट पेरली तर तणाला डोके वर काढू देत नाही.

मग ही लागवड सर्वत्र का होत नाही? कारण मध्ये कायदा उभा आहे, आणि तो अकारण उभा नाही. गांजा व चरस यांनी किती घरे धुळीस मिळविली ते सर्वांस ठाऊक आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये विनापरवाना भांग लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने तंतू व बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्या आधारे उत्तराखंडने २०१८ साली परवाने देण्यास आरंभ केला. अट अशी की, झाडातील मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत असले पाहिजे. पुढे २०२१ मध्ये भांगेचे बी व त्याचे तेल यांस अन्नपदार्थ म्हणून केंद्राची मान्यता मिळाली.

परंतु खरी अडचण या ०.३ टक्क्यातच दडलेली आहे. डोंगरावर आपोआप उगवणाऱ्या भांगेत हे प्रमाण पुष्कळदा अधिक असते. भांगेची नर व मादी झाडे निराळी असतात आणि तिचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. तेव्हा शेतकऱ्याने सौम्य वाणाचे बी पेरले, तरी रानटी झाडांशी संकर होऊन त्याच पिकाचे राखून ठेवलेले बी पुढील वर्षी मर्यादा ओलांडू शकते. ज्या माणसाने जन्मभर स्वतःचे बी स्वतः राखले, त्याला ते दरसाल बाहेरून विकत घ्यावे लागण्याची पाळी येते. शिवाय खोडांचा भारा वजनदार. साल सोडविण्याचे यंत्र जवळ नसेल तर घाटातून तो खाली नेण्यातच नफा संपतो.

म्हणून भांग हे ओसाड शेतांवरचे रामबाण औषध आहे असे सांगणे म्हणजे गरिबाची फसवणूक होय. ती कडेची राखणदार आणि थोड्या रोकडीची सोय आहे. पोट भरावयाचे ते नाचणीने व कुळथानेच. सरकारला खरोखर गावे वसवावयाची असतील, तर पहाडास मानवेल असे सौम्य बी, तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची सोय आणि खरेदीची हमी, या तीन गोष्टी परवान्याच्या कागदाबरोबरच शेतकऱ्याच्या हाती पडल्या पाहिजेत. नाहीतर परतून आलेला तरुण बांध रचील, घाणेरी उपटील, बी पेरील, आणि तपासणीत एका दशांशाने चुकला म्हणून उभे पीक नष्ट होताना पाहील. एकदा असे हात पोळलेला माणूस दुसऱ्यांदा त्या दाराचे कुलूप उघडावयास येत नाही.