उकरलेला रस्ता

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्याला रंग आठवतात. आज त्याचं एक बिनरंगाचं चित्र कसं पाहायचं, ते सांगतो.

साल १८८२. हॉलंडमधलं हेग शहर. व्हिन्सेंट २९ वर्षांचा, चित्रकलेत अजून नवखा. अ‍ॅमस्टरडॅमला चित्रांचा व्यापार करणाऱ्या काकांनी त्याला शहरातल्या दृश्यांची बारा रेखाचित्रं करायला सांगितली, एकेक अडीच गिल्डरला. काकांना घरं, रस्ते, पूल हवे होते. त्याच वसंतात व्हिन्सेंटने एक रस्ता काढला, पण खणून ठेवलेला. मजूर चर खोदताहेत आणि आजूबाजूला येणारीजाणारी माणसं आहेत. आधी पेन्सिल, मग वर शाई. आज ते चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

ते पाहायला मिळालं, छापील का होईना, तर नजर आधी जमिनीवर न्या. घरांचं तसं सोपं असतं. खिडक्या आणि छपरांच्या सरळ रेषा चित्रकाराला वाट दाखवतात. उकरलेल्या मातीला कडच नसते. ती दाखवायची तर पेन्सिल कुठे आडवी घासायची, कुठे टोकावर दाबायची, हे हातालाच ठरवावं लागतं. सुतार वापरतात तशी जाड पेन्सिल व्हिन्सेंटला फार आवडायची. ग्रॅफाइटची चकाकी त्याला नको असे, म्हणून तो रेखाचित्रावर पाणी मिसळलेलं दूधसुद्धा ओतायचा. त्यामुळे काळा रंग मखमली होतो.

मग माणसांकडे या. बाकीचं चित्र हाताने झाकून एकच मजूर पाहा. पाठीची रेषा कुठे जाड होते, कुठे तुटते? जिथे ती जाड होते तिथे अंगाचा भार आहे. आता हात काढा. माणसं एकमेकांत नीट मिसळत नाहीत, लहानमोठेपणाही कुठेकुठे बिघडलाय. एकेका आकृतीचा वेगळा अभ्यास करून त्याने त्या एकत्र बसवल्या होत्या. जाणकार याला दोष म्हणतील. मला मात्र त्यामुळेच हे चित्र मोठं वाटतं: इथे गर्दी भरायला काढलेला माणूस एकही नाही.

तुमच्या घरात चित्रकला शिकणारं कुणी असेल, आणि कोपऱ्यावर पाइपासाठी रस्ता खणलेला असेल, तर त्याला वही-पेन्सिल देऊन तिथे पाठवा. इमारती नंतर, आधी माती आणि खणणारी माणसं काढायला सांगा.