जिंगशानवरील पाच मंडप

टेकडी म्हटली की ती निसर्गाने घडविली, असे आपण धरूनच चालतो. बीजिंगच्या राजवाड्यामागील जिंगशान टेकडी मात्र मजुरांनी रचलेली! पंधराव्या शतकात खंदक खणताना निघालेली माती येथे टाकली गेली. उंची सुमारे ४५ मीटर, तरी पायऱ्या चढताना धाप लागतेच. माथ्यावरून दक्षिणेस राजवाड्याची पिवळी कौले लाटांमागून लाटा याव्यात तशी पसरलेली दिसतात. पश्चिमेकडे बैहाई उद्यानातील शुभ्र स्तूप.

१७५० च्या सुमारास छ्यानलुंग सम्राटाने येथे पाच मंडप उभारले, प्रत्येकात एक बुद्धमूर्ती. १९०० साली बॉक्सर बंड मोडण्यास आलेल्या आठ राष्ट्रांच्या फौजांनी त्यांतील चार लुटून नेल्या. या फौजांबरोबर इंग्रजांच्या चाकरीतील हिंदी शिपाईही शहरात शिरले होते. ज्या भूमीतून बुद्धाचा धर्म चीनला गेला, तिचेच हे पुत्र. लूट कोणाच्याही हातून झालेली असो, हा योगायोग मनाला बोचतो.

मधल्या मंडपातील वैरोचन बुद्धही पुढे राहिला नाही. आजची मूर्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली आहे. गेलेल्या चार काही परतल्या नाहीत. पायथ्याशी सकाळी वृद्ध मंडळी समूहगान करतात. वर आलेला प्रवासी मूर्तीपुढे क्षणभर थबकतो आणि छायाचित्रासाठी कठड्याकडे वळतो.