टिकाव मारायचा कसा?

आपल्या जालन्याच्या कडवंचीनं पाणी अडवलं, शेततळी केली, द्राक्षबागा उभ्या केल्या. आपणही चर खोदू, पण आधी कंबर सांभाळू. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली. त्या खेळातल्या फटक्याचा जोर नुसत्या हातांतून येत नाही. पायांतून, कमरेतून येतो. टिकावाचंही तसंच.

पाय खांद्यांइतके फाकवू, गुडघे जरा वाकवू, पाठ सरळ ठेवू. दांडा निसटणार नाही एवढाच धरू, आवळू नये. उचलताना एक हात लोखंडाजवळ. खाली येताना तो दांड्यावरून सरकू देऊ. टिकाव स्वतःच्या वजनानं पडतो, आपण फक्त दिशा द्यायची. पुढं-मागं कुणी उभं नाही ना, हे पाहू. दमलं की पाळी बदलू. चर आपला, कंबरही आपलीच!