कोनाड्यातली दोन औषधं
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



औषधाला दाद न देणारे जिवाणू जनावरांतून माणसांत आणि माणसांतून जनावरांत कसे जातात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. पेनिसिलिनच्या शोधाची गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, ती सोडून देते. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात फ्लेमिंगनेच बजावलं होतं, की डोस अपुरा पडला तर जंतू औषधाला सरावतात. तेवढं ध्यानात असू द्या.

आता बोस्टनजवळच्या एका शेतावर चला. टफ्ट्स विद्यापीठाच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी तिथल्या कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळलं. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जिवाणू त्या औषधाला जुमानेनासे झाले. पुढे तेच शेतावरच्या माणसांत दिसू लागलं. पाच-सहा महिन्यांनी त्या माणसांच्या शौचाच्या दर शंभरातल्या ३१ नमुन्यांत ऐंशी टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिरोधक होते. शेजाऱ्यांकडे असे नमुने शंभरात सातच. हे १९७६ साली छापून आलं आहे.

हे घडतं कसं? जिवाणूपाशी पुष्कळदा प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं एक छोटं कडं असतं. प्रतिकाराची युक्ती त्यात असली, तर तो ती शेजारच्या जिवाणूला देतो, अगदी दुसऱ्या जातीच्यासुद्धा.

मागून चिठ्ठी आली आहे : ‘चिकन खायचं की सोडायचं?’ (हशा) खुशाल खा. नीट शिजवलं की जिवाणू मरतात. पण कच्च्या मांसाला, शेणाला लागलेले हात धुवा.

नमुने गोळा करताना एका गोठ्यात गेले होते. गाईला दगडी झाली होती, म्हणजे कासदाह. सडात ट्यूब सोडलेली. कोणती, ते काकूंना ठाऊक नव्हतं. ‘पांढरी व्हती, मॅडम.’ चहा ठेवता ठेवता त्या सहज म्हणाल्या, ‘दोन दिस झालं, घरात दहीच लागंना. इरजण बदलून बघितलं.’ मी कप खाली ठेवला. दही लागेना, कारण दुधात औषध उतरलं होतं आणि ते विरजणातल्या जिवाणूंना मारत होतं. तेच दूध घरातलं पोरगं पीत होतं, उरलेलं डेअरीला जात होतं. ट्यूबचं खोकं कुठे आहे, विचारलं. काकूंनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे गाईच्या ट्यूबशेजारी नातवाच्या तापाची बाटली होती. दोन्ही वाचून पाहिली : दोन्ही पेनिसिलिनच्याच कुळातली. बाटली अर्धी शिल्लक, ट्यूबाही दोन शिल्लक. ताप उतरला, सूज उतरली, औषध थांबलं. नातवाच्या डॉक्टरांना गाईचं औषध माहीत नव्हतं आणि पशुवैद्याला नातवाचं. जिवाणूंना मात्र दोन्ही घरं मोकळी होती.

पुढच्या रांगेतल्या काही दूध उत्पादकांच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. दादा, मी तुमच्यावर ठपका ठेवत नाही. चार दिवसांचं दूध ओतून देणं म्हणजे काय, हे मी गोठ्यात उभी राहून पाहिलं आहे. चिठ्ठीशिवाय औषध देणारा दुकानदार आणि नाव न सांगता ट्यूब सोडणारे आम्ही पशुवैद्य, दोघंही यात आहोत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दोनच गोष्टी सांगते. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचं राखून ठेवलेलं औषध. त्याला निकामी करणारा, प्लाझ्मिडवरून फिरणारा जनुक २०१५ साली चीनमधून जाहीर झाला. तो डुकरांत सापडला, मांसात सापडला आणि रुग्णालयातल्या रुग्णांतही. भारताने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. ते चांगलंच झालं. पण बंदीचा कागद कोनाड्यापर्यंत पोचत नाही, तिथे वही पोचते.

म्हणून इतकी वर्षं एकच मागणं मागत आले आहे. गोठ्यात खिळ्याला एक वही टांगा. चार रकाने पुरेत : तारीख, जनावर, औषधाचं नाव, दूध पुन्हा कधीपासून घातलं. नाव माहीत नसेल, तर खोक्यावरचं उतरवून घ्या, पशुवैद्याला लिहायला लावा. दूध किती दिवस घालायचं नाही, तेही त्यालाच विचारा. आणि घरातलं कुणी आजारी पडलं, तर दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या.