काटा आधी तपासा

मंडळी, धानावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे बालाघाटात घरोघरी आहेत. मी बोलणार कॉम्प्युटरवर, पण सुरुवात धानाच्या काट्यापासूनच करतो. जाणता शेतकरी खरेदी केंद्रावर पोतं लगेच चढवत नाही. रिकामा काटा शून्यावर आहे का बघतो, मग वीस किलोचं माप ठेवायला लावतो.

वेब एपीआय ही खरेदी केंद्रावरच्या खिडकीसारखीच. मोबाईलवरून मागणी येते, आतून उत्तर जातं. समजा, धान विक्रीचा स्लॉट देणारी एपीआय आपण जावास्क्रिप्टमध्ये लिहिली. नवखा पोरगा एकदा नोंदणी करून पाहतो, २०१ हा कोड येतो, म्हणजे नोंद झाली. पोरगा चहाला जातो. पण उणे पाच क्विंटल पाठवले तर? ४०० यायला हवा, म्हणजे मागणीच चुकीची. ओळख पटवणारं टोकनच नसेल तर ४०१. एकाच माणसाने बटण दोनदा दाबलं, तर दुसऱ्या वेळी ४०९, म्हणजे ही नोंद आधीच आहे. प्रत्येक बदलानंतर हे हाताने कोण बघत बसणार? म्हणून प्रोग्रामच प्रोग्रामला तपासतो. त्यासाठी मोका, जेस्ट, जोडीला सुपरटेस्ट अशी साधनं आहेत; जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये तर २०२२ पासून घरचंच साधन आहे. कुठलंही घ्या, त्यावर वाद घालण्यात रात्र घालवू नका.

खरी गंमत इथल्या मातीत आहे. ‘चिन्नोर’ लिहा. २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालेला आपला तांदूळ. डोळ्याला अक्षरं तीन, पण जावास्क्रिप्ट लांबी सांगते सात, कारण वेलांटी, हलन्त, मात्रा सगळं वेगळं मोजलं जातं. वाणाच्या नावाला कुणी सहाची मर्यादा घातली, की चिन्नोर दारातच अडला! चाचणीत सगळीकडे ‘एबीसी’ लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

दुसरं, तारीख. २ डिसेंबर सुरू झाल्यावर रात्री एक वाजता जावास्क्रिप्टच्या ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने तारीख काढा, १ डिसेंबर येते. ते घड्याळ जागतिक वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसा केलेली चाचणी यात हमखास पास होते. चाचणीत घड्याळ थांबवून मुद्दाम रात्रीचा एक लावावा लागतो.

आणि माझी स्वतःची फजिती. एका कामात माझ्या सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या, तरी लोकांच्या नोंदी दुहेरी होत होत्या. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सापडलं: एका ओळीत ‘अवेट’, म्हणजे उत्तराची वाट बघायला सांगणारा शब्द, लिहायचा राहिला होता. उत्तर यायच्या आधीच चाचणी संपत होती आणि पास म्हणून नोंदवली जात होती. काट्यावर पोतं नाहीच, पावती मात्र फाडलेली.

तेव्हापासून जी चाचणी मी एकदाही लाल झालेली पाहिली नाही, तिला मी चाचणी म्हणत नाही. समोर बसलेल्या मुलांनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा: आपल्या चाचणीत २०१ च्या जागी ९९९ लिहा आणि चालवून बघा. तरीही हिरवी आली, तर ती पुसा आणि नव्याने लिहा.