त्वचारोपणानंतरची शुश्रूषा : घराची आणि गावाची जबाबदारी



कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली, रुग्ण घरी परतला, की आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. तथापि उपचारांचा एक महत्त्वाचा टप्पा घराच्या उंबरठ्यापाशीच सुरू होतो. गाठ काढताना शल्यविशारदाला भोवतालचा निरोगी दिसणारा भागही काढावा लागतो. जखम मोठी असेल तर तिच्या कडा एकमेकींना जुळत नाहीत. अशा वेळी बहुधा रुग्णाच्याच मांडीवरून त्वचेचा पातळ थर घेऊन तो उघड्या जागेवर बसविला जातो. यालाच त्वचारोपण म्हणतात.

पनवेल परिसराला हा विषय परका नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि त्याच संस्थेचे प्रगत उपचार व संशोधन केंद्र आज पनवेल तालुक्यातच, खारघर येथे उभे आहे. शस्त्रक्रिया परळला होवो वा खारघरला, पुढील कित्येक आठवड्यांची शुश्रूषा मात्र घरच्या ओटीवर आणि माजघरातच व्हावयाची असते.

स्वतःच्याच त्वचेने शरीराची हानी भरून काढण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेल्या कोवासजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून ते पुन्हा घडविले. हा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारदांनी त्यापासून धडा घेतला. त्या पद्धतीत त्वचेचा देठ कपाळाशी जुळलेला राही, म्हणून रक्तपुरवठा चालू असे. मांडीवरून सोलून घेतलेल्या पातळ थराला असा देठ नसतो आणि शुश्रूषेचे सारे नियम यातूनच निघतात.

पहिले एक-दोन दिवस हा थर खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरच तग धरतो. त्यानंतर खालच्या रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळू लागतात आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत तो रुजतो. भाताचे रोप लावल्याबरोबर उपटून पाहिले तर ते जगत नाही, तसेच हे आहे. त्वचा सरकली, तिच्याखाली रक्त किंवा पू साचला, तर ती मरते. म्हणून पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नये व भिजू देऊ नये. कोकणच्या पावसाळ्यात तर याबाबत विशेष दक्षता हवी. रोपण पायावर असेल तर पाय उशीवर उंच ठेवावा. चालणे केव्हा व किती, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मांडीवरील जागा मूळ जखमेपेक्षाही अधिक दुखते, याने घाबरून जाऊ नये. तेथील मज्जातंतूंची टोके उघडी पडलेली असतात. ही जागा बहुधा दोन आठवड्यांत भरते. तिला चिकटलेली पट्टी ओढून काढू नये, नवी त्वचा आली की ती आपोआप सुटते. हळद, राख, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. ताप, दुर्गंधी, पू, वाढती लाली किंवा त्वचा काळी पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे, कारण रोपलेल्या त्वचेत घाम व तेल स्रवणाऱ्या ग्रंथी बहुतांशी नसतात. तेथे स्पर्शज्ञानही मंद असते. चुलीची धग, गरम पाण्याची पिशवी आणि ऊन यांपासून ती जपावी. डाळी, अंडी, मासळी, दूध, शेंगदाणे आहारात असावेत. मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवावा. तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी जबडा उघडण्याचे शिकविलेले व्यायाम नेमाने करावेत, नाहीतर तोंड आखडत जाते.

ही दक्षता केवळ जखमेपुरती नाही. तोंडाच्या कर्करोगात पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात आणि ते साधारणपणे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते. जखम चिघळली तर किरणोपचार लांबतात आणि उरलेल्या रोगपेशींना वाढण्यास अवधी मिळतो. घरातील एका निष्काळजी आठवड्याची किंमत रुग्णाला अशी मोजावी लागू शकते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा रुजण्यास अडथळा येतो आणि रोग उलटण्याचा धोकाही वाढतो. म्हणून रुग्णासमोर मळलेली तंबाखू पुढे करणे ही पाहुणचाराची रीत नव्हे.

येथेच गावाचे कर्तव्य सुरू होते. २०१२ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व किरणोपचार तीत समाविष्ट आहेत. शिधापत्रिकेतील नावाच्या चुकीमुळे रुग्ण अडून राहू नये, हे पंचायत सदस्यांनी व संबंधित कर्मचाऱ्यांनी पाहावे. रेल्वेप्रवासातील सवलतीचा दाखला वेळेवर मिळवून द्यावा. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन जखमेची विचारपूस करावी आणि पुढील तपासणीची तारीख घरच्यांना आठवून द्यावी. रोग उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत अधिक असल्याने एकही तपासणी चुकता कामा नये.

शिक्षकांकडे दुहेरी काम आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिचे पालन होते की नाही, यावर त्यांनी लक्ष ठेवावे. दुसरे काम अधिक नाजूक आहे. ज्या मुलाच्या वडिलांचा चेहरा शस्त्रक्रियेने बदलला आहे, त्याला वर्गात कोणी हिणवू नये. कर्करोग संसर्गजन्य नाही, रुग्णाच्या ताटात जेवल्याने तो होत नाही, हे मुलांना समजावून सांगितले तर ते घरोघर पोहोचते.

रोपलेल्या त्वचेचा रंग भोवतालच्या त्वचेशी सहसा पूर्णपणे मिळत नाही. तो वेगळेपणा रुग्णाला आयुष्यभर वागवावा लागतो. पंक्तीत त्याच्यासाठी पूर्वीचीच जागा राखली आणि ग्रामसभेत त्याचे मत पूर्वीसारखेच विचारले, तर तो भार पुष्कळ हलका होईल.